तो रोल लॅबला टाकू नकोस

कोल्हापूर

चि. ओंकार,

काल वहिनीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, माळ्यावर नानांचा क्लिक थ्री कॅमेरा सापडला, आत रोल आहे आणि ओंकार तो आपल्या रोलांबरोबर लॅबला टाकणार आहे. माझी झोपच उडाली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे.

तो रोल कृष्णधवल आहे. नानांच्या स्टुडिओचे कॅमेरे वेगळे, हा घरचा. त्यात नानांनी रंगीत फिल्म कधी घातलीच नाही. रंगीत फिल्मच्या मशीनमधून तो साफ कोरा बाहेर येईल. रंगीत फिल्मवर शेवटी रंग उरतात, चांदी ब्लीचमध्ये निघून जाते. आपल्या फिल्मवर चांदी हेच चित्र. ती गेली की राहिलं काय? इलफर्डचा एक्सपी टू त्या मशीनमध्ये धुता येतो, पण तो अपवाद. काउंटरवरचा मुलगा "होतं सगळं" म्हणेल. त्याच्यावर विसंबू नकोस.

मागच्या लाल खिडकीत ७ आकडा दिसतो म्हणे. बारापैकी सहा फोटो तरी काढलेले असणार. कॅमेरा उघडला नाहीस ना? आधी चावी शेवटपर्यंत फिरव, कागद पुरता गुंडाळला जाऊ दे, मग सावलीत उघड. आणि लॅबला देऊ नकोस.

दुसरं म्हणजे, तू म्हणे बाथरूममध्ये लाल बल्ब लावून घरीच रोल धुवायला शिकतो आहेस. सिनेमे बघून शिकलास का? लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी. फिल्मला लाल उजेडही दिसतो. ती टँकमध्ये जाऊन झाकण बसेपर्यंत मिट्ट काळोख हवा. वाया गेलेला एखादा रोल घे, स्पूलवर आधी बघत चढव, मग डोळे मिटून, हाताला सवय होईपर्यंत.

आणि पाणी! मे महिन्यात टाकीचं पाणी ३० अंशांच्या पुढं जातं. डी-७६ डेव्हलपरला २० अंश लागतात. त्याहून गरम झालं की वेळ कमी करावा लागतो, आणि पाच मिनिटांच्या आत आला की डाग पडतात. नाना डेव्हलपरची बाटली बर्फाच्या परातीत ठेवायचे. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकायचा नाही, पातळ होतो. हायपो आणि धुण्याचं पाणीही त्याच सुमाराचं ठेव. थंडातून एकदम गरमात गेली की फिल्मवरचं जिलेटिन सुरकुततं. वाळत घालताना पंखा बंद. घरातली पातेली वापरू नकोस. हातमोजे घाल, मेटॉलनं कातडीला खाज सुटते.

हातमोज्यांचं आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही. माझी नखं कायम तपकिरी. कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटू लागली, मैत्रिणी विचारायच्या, मेंदी का गं? मग अभ्यासाचं निमित्त काढून मी डार्करूममध्ये जाणं सोडलं. नाना एका शब्दानं बोलले नाहीत. हौदातले प्रिंट एकटेच फिरवत बसायचे. हाक आली असती तर गेले असते, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी हाक का मारावी?

म्हणून तुझ्यावर एवढी चिडले, रागावू नकोस. कॅमेरा हातात घेणारा आपल्या घरात तूच निघालास. वहिनीला तुझी बोटं पिवळी दिसतात त्याची काळजी. मला ऐकून बरं वाटलं.

रोल नाना गेले त्या वर्षीचा असावा. इतक्या वर्षांत चित्र बरंच विरलं असेल, धूसर येईल, कदाचित काहीच येणार नाही. त्यामुळे पहिला हात त्याच्यावर साफ करू नकोस. आधी तुझेच दोन-चार रोल धू. नानांचा डबीत घालून फ्रीजमध्ये ठेव, आणि डबीवर मोठ्या अक्षरांत लिही, नाहीतर तुझा रूममेट फेकून देईल.

नाहीतर सुट्टीत घेऊन इकडेच ये. नानांचा टँक मी ठेवला आहे. स्पूल जरा घट्ट झालंय, पण चालेल. बर्फाचं मी बघते. माझे हात आता थरथरतात, भरायचं काम तुझं, घड्याळ मी धरीन. काही निघालं नाही तर तुला कुणी बोलणार नाही. येताना जुन्या चपला घाल, हायपोचे डाग जात नाहीत. रात्रीचं जेवण चुकवतोस म्हणे, तेवढं करू नकोस. आणि आधी फोन उचल.

तुझी,
आत्या