आधी नर्स, मग लेफ्टनंट

‘मॅडम, मार्क तसे बरे पडलेत, पण एमबीबीएसला पुरायचे नाहीत. आता बीएएमएस बघू की बीडीएस?’ नीटचा निकाल लागला की जीवशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना तुम्हा पालकांचं हे ठरलेलंच. तुमचं आमचं बोलणं चाललेलं असताना मागे उभी असलेली मुलगी मधेच म्हणते, मला मिलिटरी नर्सिंगला जायचंय. मग तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘मिलिटरी’ ऐकून छाती फुगते आणि ‘नर्सिंग’ ऐकून कपाळाला आठी पडते.

त्या आठीबद्दल थोडं बोलायचंय.

काही घरांत त्यावर तोड निघते. ‘आपली साधी नर्स नाही हो, लेफ्टनंट होणार आहे,’ असं पाहुण्यांना सांगितलं जातं. मला ही तोड आठीपेक्षाही धोक्याची वाटते. कारण ती मुलीच्याही कानावर पडत असते, आणि ती खांद्यावरच्या ताऱ्यांसाठी फॉर्म भरते. तारे लागतात ते चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग पुरं झाल्यावर. त्याआधी बेडपॅन असतो, पू भरलेली जखम असते, रात्रपाळी असते, ओळखपाळख नसलेल्या माणसाचं अंग पुसणं असतं. आणि तारे लागल्यावरही यातलं बरंचसं सुटत नाही. ज्या मुलीला हे काम कमीपणाचं वाटतं, तिला हिरवा गणवेश किती दिवस पुरणार?

लष्करी रुग्णालय म्हटलं की सिनेमामुळे आपल्याला गोळ्या आणि स्ट्रेचरच दिसतात. तसे दिवसही येतात. पण तिथे जवानांबरोबर त्यांच्या घरचे आणि निवृत्त फौजीही उपचाराला येतात. म्हणजे बाळंतपणं, लहान मुलांचे ताप, म्हाताऱ्यांचा मधुमेह, डायलिसिस हे रोजचंच. लेहसारख्या ठिकाणी बदली झाली की विरळ हवेमुळे फुफ्फुसात पाणी झालेले आणि हिमदंशाने बोटं काळी पडलेले तरणेताठे जवान समोर येतात. सेवा एकच, पण रुग्णालयं भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींची. त्यामुळे आज डोंगर, तर उद्या समुद्र.

या शुश्रूषेचं मोल कळायला आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. आपण गोळ्यांवरून थेट पदकावर उडी मारतो. मधल्या वर्षांचं काय? पाठीच्या कण्याला मार बसलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या चिघळल्या तर जीवही जातो. लघवीची नळी स्वच्छ ठेवावी लागते. ‘मला मरू द्या’ म्हणणाऱ्याला जेवायला घालावं लागतं. आजही खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. हे काम कुणी ना कुणी हातांनी करत असतं. साताऱ्याकडचं अपशिंगे किंवा कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी, अशा फौजी गावांतल्या वडिलांना हे मी सांगायला नको. त्यांच्यातले कितीतरी जण कधी ना कधी एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, पडून आलेत. सिस्टरचा हात किती मोलाचा असतो, हे तिथे कळलेलं असतं. मग लेकीची गोष्ट आली की ते विसरायला का होतं?

या सेवेचा इतिहासही जुना आहे. १८८८ मध्ये दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईला उतरल्या, लष्करी रुग्णालयांतली शुश्रूषा मार्गी लावायला. भारतीय परिचारिकांची कायमची सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर १९२६ ला. १९४३ पासून त्यांना कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळू लागलं. आणि १९७६ मध्ये जी. अली राम मेजर जनरल झाल्या. आपल्या सैन्यदलांत त्या पदावर पोचलेली पहिली स्त्री नर्स होती. हे लेकीला जरूर सांगा.

पण सगळं गोडच सांगणार नाही. हुद्द्यांची नावं तीच असली तरी ही सेवा वेगळी धरली जाते. सातव्या वेतन आयोगात लष्करी सेवा वेतन म्हणून इतर अधिकाऱ्यांना महिना १५,५०० रुपये मिळतात, नर्सिंग अधिकाऱ्यांना १०,८००. बरोबरीचा प्रश्न कोर्टापर्यंत गेलेला आहे. ‘लेफ्टनंट म्हणजे लेफ्टनंट’ असं समजून गेलेल्या मुलीला हे आत गेल्यावर कळू नये.

आणि लग्न. त्यावाचून आपली बैठक उठत नाही! प्रशिक्षणाच्या काळात लग्नाला परवानगी नसते, नंतर अडचण नाही. पूर्वी लग्न केलं म्हणून या सेवेतून काढता येत असे. तसा नियम होता, तो १९९५ मध्ये रद्द झाला. १९८८ मध्ये असं काढून टाकलेल्या एका अधिकारी महिलेला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. न्याय मिळायला छत्तीसेक वर्षं गेली, ती कुणी भरून देणार नाही, पण निकाल तरी स्वच्छ लागला. बदल्यांमुळे संसाराची ओढाताण होईल, हे मात्र खरं. ती सगळ्याच फौजी घरांत होते. मुलगा फौजेत असला की सून ती सांभाळून घेते, असं आपण गृहीत धरतो. मुलगी फौजेत असली की जावयाबद्दल तसं का धरत नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता फॉर्मचं. ही सेवा फक्त स्त्रियांसाठी आहे. बारावी विज्ञान, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन पहिल्याच फटक्यात मुलगी किमान ५० टक्क्यांनी पास असावी लागते. उंची साधारण १५२ सेंटीमीटर. नीट द्यावीच लागते, आणि इथेच दरवर्षी मुली हुकतात: नीट दिली म्हणजे झालं असं वाटतं, पण सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्जही भरायचा असतो. मग बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. कॉलेजं सहा, त्यातली दोन आपल्याकडे: पुण्याचं एएफएमसी आणि कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी. बाकीची दिल्ली, लखनौ, कोलकाता, बंगळूर. सगळ्या मिळून जागा जेमतेम २२० च्या घरात. राहणं-जेवण सरकारी, वर विद्यावेतन. त्याबदल्यात बाँड असतो. तो कागद सही करण्याआधी तुम्ही स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. आणि नाही लागला नंबर, तर साधं बीएस्सी नर्सिंग करून पुढे शॉर्ट सर्व्हिसची वाट असते. पस्तिशीपर्यंत अर्ज करता येतो.

तरीही अर्जाआधी एक करा. तुमच्या नात्यागोत्यात किंवा शेजारीपाजारी कुणी ना कुणी सिव्हिल हॉस्पिटलात दाखल होतच असतं. एका रात्री सोबतीला तिला राहू द्या, तुम्ही घरी थांबा. सकाळी आल्यावर ती कशाबद्दल बोलते ते ऐका. वासाबद्दल, झोपेबद्दल, की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटबद्दल? मग भेटायला या, फॉर्म बरोबर बसून भरू.