डायलिसिसचा पेशंट आणि रक्तदाब



निचरा थांबला की उसाचं रान चिबडतं, हे आपणांस सांगायला नको. मूत्रपिंडे निकामी झाली की शरीराचंही तसंच. दोन डायलिसिसमधल्या दिवसांत साठलेलं पाणी रक्तदाब चढवतं. १ लिटर साठलं की वजन १ किलोने वाढतं. म्हणून रोज सकाळी वजन करावे.

नुसतं पाणी तोडून भागत नाही. खारट खाल्लं की तहान लागणारच! लोणचं, पापड बंद. दिवसाचं मीठ, भाकरी-आमटीतलं धरून, ५ ग्रॅमच्या आत. 'कमी सोडियम'चं मीठ तर नकोच; त्यात बहुधा पोटॅशियम असतं, ते हृदयाला घातक.

डायलिसिस चालू असता रक्तदाब एकदम उतरतोही. त्या सकाळची गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये.