कार्बामाझेपिन लिहिण्यापूर्वी

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या कळांनी हैराण झालेल्या एका गृहिणीला मी कार्बामाझेपिन सुरू केले. कळा थांबल्या. पंधराव्या दिवशी ती ताप, घसादुखी आणि लाल डोळे घेऊन आली. साथीचा ताप समजून मी पॅरासिटामॉल दिले व चालू गोळ्या सुरूच ठेवण्यास सांगितले. दोन दिवसांनी ओठ सोलले, अंगभर फोड आले. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम! ती वाचली, परंतु डोळ्यांचा कोरडेपणा कायमचा राहिला. ते दोन दिवस मला आजही बोचतात.

२००४ साली तैवानमधील संशोधकांना, कार्बामाझेपिनमुळे हा विकार झालेल्या ४४ पैकी ४४ रुग्णांत एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार आढळला. औषध सोसलेल्यांत तो सुमारे ३ टक्केच होता. या जनुकापासून बनणाऱ्या पेशीपृष्ठावरील प्रथिनाशी औषध जोडले जाते आणि चेतावलेल्या टी-पेशी स्वतःच्याच त्वचेवर तुटून पडतात. पुढे तेथेच ४,८७७ व्यक्तींची आधी चाचणी करून, हा प्रकार असलेल्यांना हे औषध दिले नाही. पूर्वानुभवानुसार सुमारे १० रुग्ण अपेक्षित असताना एकही आढळला नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडील चित्र काय? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ८ पैकी ६ रुग्णांत हाच प्रकार होता. संख्या लहान आहे, तरी इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. अ‍ॅलोप्युरिनॉलच्या बाबतीत असाच संबंध एचएलए-बी*५८:०१ शी आहे.

मात्र चाचणी नकारार्थी आली म्हणजे अभय मिळाले, असे नव्हे. एचएलए-ए*३१:०१ सारखे अन्य प्रकारही धोका वाढवतात. उलट, हा प्रकार असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना काहीच होत नाही. वर्षानुवर्षे औषध सुखाने घेणाऱ्यास घाबरवण्याचेही कारण नाही. कारण हा धोका प्रामुख्याने पहिल्या दोन-तीन महिन्यांतच असतो.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती : शक्य तेथे चाचणी आधी करावी. पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ आले होते का, हे विचारावे. आणि रुग्णाला स्पष्ट सांगावे, “ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग किंवा पुरळ दिसताच गोळी थांबवा आणि त्याच दिवशी या.” या एका वाक्याला खर्च नाही, मी ते त्या वेळी उच्चारले नव्हते.