नवा कळफलक आणि बिघाडाची परीक्षा

संगणकास नवा कळफलक जोडला कीं कित्येकदां विलक्षण प्रकार दृष्टीस पडतो. कालपर्यंत निमूटपणें चालणारें यंत्र भलतींच अक्षरें उमटवूं लागतें. अशा वेळीं "कळफलक बिघडला" असा निकाल देणें सोपें असतें. परंतु आईबापांनीं कष्टानें मिळविलेला पैसा त्यांत व्यर्थ जातो. म्हणून बिघाडाची परीक्षा कशी करावी, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम एक तत्त्व ध्यानांत घ्यावें. कळफलकास अक्षरओळख नसते. कळ दाबतांच तो संगणकाकडे त्या कळीचा केवळ क्रमांक धाडतो. यूएसबीच्या पद्धतींत 'ए' ह्या कळीचा क्रमांक ४ व 'के' हिचा १४ आहे. १४ म्हणजे कोणतें अक्षर, हें संगणक ठरवितो. इंग्रजी मांडणी निवडलेली असल्यास 'के' उमटतो. इन्स्क्रिप्ट ही मराठी मांडणी असल्यास त्याच कळीनें 'क' उमटतो, आणि 'एच' दाबल्यास 'प' येतो. तात्पर्य, दोष कळफलकांत, जोडणींत किंवा संगणकाच्या मांडणींत, अशा तीन ठिकाणीं असूं शकतो.

आतां लक्षणें पाहूं.

(१) कांहींच उमटत नाहीं. तार काढून दुसऱ्या खांचेंत बसवावी. बिनतारी कळफलक असल्यास त्याचे सेल व बटण तपासावें. त्याच्या ग्राहकाशेजारीं यूएसबी ३ जातीची हार्डडिस्क जोडलेली असल्यास संदेशांत व्यत्यय येतो; दोहोंत अंतर ठेवावें.

(२) अक्षरांऐवजीं आंकडे येतात. कांहीं लॅपटॉपांवर 'जे', 'के', 'एल' ह्याच कळा १, २, ३ यांचेंही काम करितात. बाहेरून जोडलेल्या मोठ्या कळफलकाची 'नम लॉक' कळ चालू राहिली, कीं आंतील कळा आंकडे देऊं लागतात. परवलीचा शब्द लिहितांना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. त्यामुळें चूक कळत नाहीं आणि वारंवार चुकल्यानें खातेंच बंद पडतें. 'नम लॉक' बंद करावी.

(३) चिन्हांची अदलाबदल होते. शिफ्ट धरून २ दाबल्यास अमेरिकन मांडणींत ईमेलच्या पत्त्यांतील 'ॲट' चिन्ह येतें, ब्रिटिश मांडणींत अवतरणचिन्ह. मांडणी बदलावी, कळफलक नव्हे.

(४) कळ बराच वेळ दाबल्यावांचून अक्षर येत नाहीं. विंडोज संगणकावर उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरल्यास 'फिल्टर कीज' सुरू करण्याविषयीं प्रश्न येतो. न वाचतां 'होय' म्हटल्याचा हा परिणाम. पुन्हां तितकाच वेळ तीच कळ दाबल्यास ती सोय बंद होते.

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास नवा कळफलक दुसऱ्या संगणकास जोडून पाहावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर तो कळफलकाचा. गेला नाहीं तर आपल्या संगणकाचा किंवा जोडणीचा. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र कदाचित् चालूं लागेल, परंतु कारण कळणार नाहीं, आणि तोच बिघाड पुन्हां दारीं उभा राहील.

विद्यार्थ्यांस शेवटीं एवढेंच सुचवितों: परीक्षेचा अर्ज भरावयाच्या दिवशीं नवें उपकरण जोडूं नये. आदल्या दिवशीं जोडावें, कोऱ्या पानावर सर्व अक्षरें, आंकडे व चिन्हें एकदां उमटवून पाहावींत, आणि मगच परवलीच्या शब्दास हात घालावा.