एका संगणकातील अनेक संगणक : आभासी यंत्रे आणि यजमान यांची जोडणी

संगणक-कक्षात नेटवर्क शिकवायचे म्हटले की पहिली अडचण साधनांची येते. नेटवर्कला किमान दोन यंत्रे हवीत, त्यांच्यामध्ये दुवा हवा, आणि काही बिघडले तरी कोणाचे काम अडणार नाही अशी मोकळीकही हवी. निवासी विद्यालयात या तिन्ही गोष्टींची चणचण असते. एका संगणकावर दोन-दोन विद्यार्थी बसतात, आणि ज्या केबलवर त्यांचे शिक्षण चालते त्याच केबलवर कार्यालयाचा कारभार चालतो. पुस्तकातील आकृती काढून विद्यार्थी परीक्षेत गुण मिळवतो; पुढे आयटीआयच्या ‘कोपा’ अभ्यासक्रमाला किंवा पदविकेला गेल्यावर प्रत्यक्ष सर्व्हर समोर आला म्हणजे मात्र त्याचा हात अडखळतो. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी ही खंत आम्हांला बोलून दाखविली आहे. या लेखात जो उपाय मांडीत आहोत तो त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही स्वीकारला.

उपाय असा की, एकाच संगणकाच्या पोटात दोन-तीन संगणक चालवावयाचे. यास व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली तेव्हाच एका यंत्राची अनेक यंत्रे करण्याची रीत बाजारात आली होती. सामान्य घरगुती संगणकावर विनामूल्य वापरता येईल असे ‘व्हर्च्युअलबॉक्स’ २००७ मध्ये आले, आणि आम्ही तेच वापरतो. ज्या खऱ्या संगणकावर हे चालते तो यजमान, आणि त्यात राहणारे आभासी यंत्र तो पाहुणा. यजमानाकडे आठ जीबी स्मृती असेल तर केवळ अक्षरी पडदा असलेल्या उबुंटू सर्व्हरचे दोन पाहुणे, प्रत्येकी दीड जीबी देऊन, सुखाने नांदतात. बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ची सोय सुरू आहे ना, एवढे आधी पाहावे, ती बंद असेल तर पुढचा सारा खटाटोप व्यर्थ जातो.

पाहुणा उभा करणे तासाभराचे काम आहे. त्याची यजमानाशी गाठ घालून देताना मात्र बहुतेकांचा गोंधळ होतो. कारण असे की, मेनूमध्ये अनेक पर्याय दिसतात, त्यांची नावे इंग्रजी तांत्रिक असतात, आणि विद्यार्थी ‘ज्याने चालले ते बरे’ या न्यायाने एकामागून एक निवडीत जातो. प्रत्येक पर्याय वस्तुतः एकाच प्रश्नाचे वेगळे उत्तर आहे : कोणी कोणापर्यंत पोहोचावे?

हे समजावताना आम्ही मुलांना शिरवळजवळच्या बौद्ध लेण्यांची आठवण देतो, कारण सहलीत ती सर्वांनी पाहिलेली असतात. विहाराची सर्वपरिचित रचना मनात आणावी : मध्ये मंडप आणि त्याच्या कडेने भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या. खोलीतून मंडपात येता येते, मंडपातून दुसऱ्या खोलीच्या दाराशी जाता येते. पण बाहेरची वाट खोलीला थेट लागत नाही. ‘होस्ट-ओन्ली’ नावाची जोडणी नेमकी अशी आहे. सारे पाहुणे आणि यजमान एका मंडपात येतात, परस्परांना हाक मारू शकतात, आणि बाहेरच्या जगाला त्यांची गंधवार्ताही नसते. ‘इंटर्नल’ जोडणीत खोल्यांचा आपसांत संबंध राहतो, पण यजमानालाही मंडपात प्रवेश नसतो. ‘नॅट’ ही तिसरी तऱ्हा. येथे प्रत्येक खोलीला स्वतःचा एक निरोप्या मिळतो. तो बाहेर जाऊन हवे ते आणून देतो, परंतु बाहेरच्याला खोली कोठे आहे हे कळत नाही, आणि शेजारच्या खोलीलाही कळत नाही. राहिली ‘ब्रिज्ड’. तिच्यात खोलीचे दार सरळ पुणे-बंगळूर महामार्गावर उघडते.

या चौथ्या पर्यायाने आम्हांला एकदा चांगलाच धडा दिला. पत्ते आपोआप वाटणारा सर्व्हर, म्हणजे डीएचसीपी, कसा उभारतात हे एका विद्यार्थ्याला करून पाहावयाचे होते. ‘ब्रिज्ड’ निवड, म्हणजे इंटरनेटही मिळेल, असे आम्हीच त्यास सांगितले होते. त्याने काम चोख केले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातील संगणक सुरू झाले, त्यांनी नेहमीप्रमाणे पत्ता मागितला, आणि राउटरच्या आधी या मुलाच्या आभासी यंत्राने त्यांना पत्ता देऊन टाकला. पत्ता मिळाला, वाट मात्र चुकीची; इंटरनेट बंद. तो दिवस शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता. कारण सापडेपर्यंत दुपार टळली, आणि उरलेले अर्ज रात्री उशिरापर्यंत एका माजी विद्यार्थ्याच्या मोबाइलच्या जोडणीवर भरावे लागले. सर्व अर्ज गेले हे आमचे भाग्य. ज्या घरात त्या रकमेवर पुढचे वर्ष अवलंबून असते, त्या घरातील पालक कार्यालयाबाहेर बसले होते, आणि त्यांना ‘डीएचसीपी’ या शब्दाने काय समजावणार? विद्यार्थ्याचा काडीचाही दोष नव्हता. तेव्हापासून आमच्या कक्षात सरावासाठी ‘ब्रिज्ड’ वर्ज्य आहे.

आता आमची रीत सांगतो. पाहुण्याला दोन नेटवर्क ॲडाप्टर द्यावेत : पहिला ‘नॅट’, दुसरा ‘होस्ट-ओन्ली’. पहिल्याने तो बाहेरून सॉफ्टवेअर उतरवून घेतो, दुसऱ्याने यजमानाशी आणि इतर पाहुण्यांशी बोलतो. दुसरा ॲडाप्टर सुरू करण्यासाठी पाहुणा पूर्ण बंद असावा लागतो. चालू असताना ती चौकट फिकट दिसते आणि विद्यार्थी उगाच माऊसला दोष देतात. विंडोज यजमानावर होस्ट-ओन्लीचा ॲडाप्टर व्हर्च्युअलबॉक्ससोबतच तयार होऊन येतो. लिनक्स यजमानावर बहुधा तो ‘टूल्स’मधील ‘नेटवर्क’ येथे जाऊन स्वतः तयार करावा लागतो.

या मंडपातील पत्ते ठरलेले आहेत. यजमान १९२.१६८.५६.१ येथे असतो. पत्ते वाटणारा १९२.१६८.५६.१०० येथे बसतो आणि १०१ पासून पुढचे पत्ते देतो. (हे अंक टंकताना अर्थातच इंग्रजी अंक वापरावेत.) १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणूनच एकच पत्ता शिरवळच्या कक्षातही असू शकतो आणि सांगलीतल्या एखाद्या घरातही, आणि दोघांची टक्कर होत नाही. नॅटच्या बाजूला तर प्रत्येक पाहुण्याला १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो. दोन पाहुण्यांचा पत्ता एकच पाहून विद्यार्थी चक्रावतात. पण प्रत्येकाचा निरोप्या वेगळा, तेव्हा यात बिघाड काही नाही.

उबुंटू सर्व्हरमध्ये येथे एक अडथळा हमखास येतो. प्रणाली बसवून झाल्यावर दुसरा ॲडाप्टर जोडला तर तो दिसतो, पण पत्ता घेत नाही. पहिल्याचे नाव बहुधा ‘ईएनपी०एस३’, दुसऱ्याचे ‘ईएनपी०एस८’. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये पहिल्याचीच नोंद असते. दुसऱ्याची नोंद आपण करावी आणि त्यास कायमचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.५६.१०. शंभरच्या खालचा पत्ता घेतला म्हणजे वाटपातील पत्त्यांशी गाठ पडत नाही. या फाइलमध्ये ओळी आत सरकविण्यासाठी केवळ रिकाम्या जागेची कळ चालते. टॅब वापरला की फाइल नाकारली जाते. आणखी एक, दुसऱ्या ॲडाप्टरला ‘गेटवे’ देऊ नये. दिल्यास बाहेरची वाट कोणती हे पाहुण्याला उमजेनासे होते आणि चालू असलेले इंटरनेट जाते. आमच्या कक्षात सर्वाधिक वेळ याच एका ओळीने खाल्ला आहे.

मग तपासणी. पाहुण्यातून यजमानाला ‘पिंग’ करावे, आणि यजमानातून पाहुण्याला. पुष्कळदा असे होते की यजमानाकडून पाहुणा उत्तर देतो, पण पाहुण्याच्या हाकेला विंडोज यजमान ओ देत नाही. जोडणी तुटलेली नसते. विंडोजची फायरवॉल या अनोळखी नेटवर्कला सार्वजनिक समजून आलेली हाक गिळून टाकते. अशा वेळी संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये. येणाऱ्या पिंगला परवानगी देणारा नियम फायरवॉलमध्ये आधीच लिहिलेला असतो, तेवढा सुरू करावा. एक खिडकी उघडावयाची असता भिंत कशाला पाडावी?

दुसरा घोळ नकलेचा. एक पाहुणा नीट बसला की मुले त्याची नक्कल करून दुसरा करतात, आणि दोघांचा पत्ता एकच येतो. येथे मात्र तो खरोखर बिघाड असतो, कारण दोघे एकाच मंडपात आहेत. नक्कल करताना नवे मॅक पत्ते तयार करण्याचा पर्याय निवडावा. तेवढ्याने भागले नाही तर उबुंटूमधील ‘मशीन-आयडी’ ही ओळखही दोघांत एकच राहिलेली असते; नक्कल झालेल्या यंत्रात ती नव्याने निर्माण करावी. कायमचा पत्ता हाताने लिहिला असेल तर तो बदलण्याचे विसरू नये, हे सांगणे अनावश्यक वाटेल. आम्ही स्वतः विसरलो आहोत.

इतके झाल्यावर पाहुण्यावर ‘अपाचे’ हा वेब-सर्व्हर बसविला, आणि यजमानाच्या ब्राउझरमध्ये पाहुण्याचा पत्ता लिहिला, की पान उघडते. पहिल्यांदा ते पान पाहणारा विद्यार्थी काही क्षण गप्प होतो. आजवर तो दुसऱ्यांची पाने पाहत आला. आता पान त्याच्या यंत्रातून निघाले आहे.

सात नोव्हेंबरला पालक कक्षात येतात. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, आणि राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुलांनी केलेले पान कक्षातील इतर संगणकांवरही दिसावे अशी सर्वांची इच्छा असते, आणि होस्ट-ओन्ली मंडपातून ते बाहेर जात नाही. येथे ‘ब्रिज्ड’चा मोह पुन्हा होतो. त्याऐवजी नॅटच्या ॲडाप्टरवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करावे : यजमानाच्या ८०८० क्रमांकाच्या दारावर आलेली विनंती पाहुण्याच्या ८० क्रमांकाच्या दाराशी पोहोचवावयाची. यजमानाच्या पत्त्याची चौकट रिकामी ठेवली तर कक्षातील सर्व संगणकांना ते दार दिसते; तेथे १२७.०.०.१ लिहिले तर केवळ यजमानालाच. दार उघडते ते एकच, आणि पत्ते वाटणारा एखादा उत्साही सर्व्हर पाहुण्यात चालू असला तरी त्याची हाक कार्यालयापर्यंत जात नाही. कार्यक्रम आटोपला की ती नोंद पुसून टाकावी.

ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या घरी किंवा गावच्या वाचनालयात हे करून पाहावयाचे असेल त्यांनी शेवटी एक चाचणी अवश्य घ्यावी. यजमानाच्या पाठीमागची नेटवर्क केबल काढावी, वायफाय बंद करावे, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.५६.१० हा पत्ता पुन्हा उघडावा. पान उघडले तर मंडप नीट बांधला गेला आहे. न उघडल्यास आपली विनंती अजून बाहेरच्या वाटेने जात आहे असे समजावे, आणि नेटप्लॅनची फाइल पुन्हा उघडून दुसऱ्या ॲडाप्टरखालील ओळी तपासाव्यात.