‘इन’च्या भरवशावर राहू नका

कारखान्यात सुरक्षेचा वर्ग घेताना मी फळ्यावर आधी एकच शब्द लिहितो, ‘इनफ्लेमेबल’, आणि विचारतो, हे पेटेल की नाही? बरेच हात ‘नाही’च्या बाजूने वर होतात. शाळेत इनकरेक्ट, इनकम्प्लीट, इनव्हिजिबल घोकताना ‘इन म्हणजे नकार’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

याच हिशेबाने कंत्राटदाराकडच्या एका पोराने थिनरच्या पिंपाला खेटून ग्राइंडर चालू केला होता. ठिणग्या थेट पिंपाकडे. ओरडून मशीन बंद करायला लावलं, तर म्हणाला, “साहेब, न पेटणारं आहे, लिहिलंय ना वर!” म्हणजे पठ्ठ्याने वाचून जागा निवडली होती. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. थिनरमध्ये टोल्युइन असतं बऱ्याचदा. त्याचा फ्लॅश पॉइंट जेमतेम ४ अंश सेल्सियस. म्हणजे पुण्याच्या थंडीतसुद्धा ठिणगीने भडकण्याइतकी वाफ त्यातून निघत असते. शिवाय ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत लांबवर जाते.

या घोळाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘इन’ दोन: एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. इनफ्लेमेबलमधला दुसरा. म्हणून फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्ही ज्वालाग्राहीच. अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ वापरायचा आग्रह धरला. आपल्याकडच्या टँकरांवर मात्र ‘हायली इनफ्लेमेबल’ अजून दिमाखात मिरवतं.

इन्हॅबिटेबलचीही तीच गत: अर्थ राहण्याजोगं. इनव्हॅल्युएबलमध्ये नकार खरा, पण आपल्या ‘अमूल्य’सारखा, मोल करता येणार नाही इतकं मोठं. निरोपाच्या पत्रात आपली सेवा ‘इनव्हॅल्युएबल’ म्हटलेली वाचून एक सुपरवायझर चार दिवस फुगून बसले होते. तिथे रुसव्यावर भागतं. पिंपाजवळ भागत नाही.

तेव्हा पिंपावरचा शब्द राहू द्या, आधी खूण बघा. लाल चौकोन कोनावर उभा, आत ज्योत, खाली ३ हा आकडा: पेटणारा द्रव. खूण पुसली असेल तर स्टोअरमधून सेफ्टी डेटा शीट मागवा; फ्लॅश पॉइंट नवव्या भागात सापडतो. शीटच नाही म्हणाले, तर पेटणारंच आहे असं धरून ग्राइंडर दुसरीकडे न्या. जमेल तिथे ‘ज्वालाग्राही’ असा ठळक मराठी स्टिकर लावून टाका. खर्च किरकोळ आहे, आणि खरेदी विभाग कुरकुरला तर कुरकुरू दे.

खरोखर न पेटणाऱ्यासाठी शब्द आहे ‘नॉन-फ्लेमेबल’. नायट्रोजनच्या सिलिंडरवर तो हिरव्या चौकोनासोबत दिसेल. तेवढं वाचून बंद खोलीत तो वायू मात्र सोडू नका. नायट्रोजन पेटत नाही, पण खोलीतला ऑक्सिजन हटवतो, आणि त्याला वास नसल्याने माणूस कोसळेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.