एका चिठ्ठीवर औषध किती वेळा?

झोपेच्या गोळ्या, चिंताशामके आणि काही तीव्र वेदनाशामके योग्य मात्रेत घेतल्यास रुग्णाला आराम देतात. मात्र देखरेखीविना घेत राहिल्यास त्यांची सवय जडते. म्हणूनच त्यांच्या विक्रीवर कायद्याचे बंधन आहे. तरीही एकच जुनी चिठ्ठी महिनोन्महिने दुकानात दाखविली जाते. प्रसंगी ती शेजाऱ्यालाही दिली जाते. याबाबतचे नियम सर्वांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली १९४५ साली नियम करण्यात आले. त्यांतील ६५ व्या नियमानुसार चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा नमूद असली पाहिजे. अशा चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. ते पुन्हा द्यावयाचे असल्यास तसे डॉक्टरांनीच चिठ्ठीवर लिहावे लागते. किती वेळा व किती अंतराने द्यावे हे लिहिले असेल, तर त्याबाहेर विक्रेत्याला जाता येत नाही. औषध देताना विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवावयाची असते. त्यामुळे तीच चिठ्ठी दुसऱ्या दुकानात नेली, तरी ती वापरली गेल्याचे कळते.

१ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही अनुसूची अमलात आली. तीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल, तसेच काही प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. केटामाइनसारख्या 'एक्स' अनुसूचीतील औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत विक्रेता दोन वर्षे ठेवतो.

या नियमांचा हेतू गरजू रुग्णाची अडवणूक करणे हा नाही. दीर्घकाळ घेतलेली डायझेपामसारखी औषधे एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचाही धोका असतो. म्हणून गोळ्या संपण्यापूर्वीच रुग्णाने डॉक्टरांना भेटावे आणि औषध पुन्हा घ्यावयाचे असल्यास तसे स्पष्ट लिहून घ्यावे. जुन्या चिठ्ठीवर औषध नाकारणारा दुकानदार आपले कर्तव्यच बजावीत असतो, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ग्रामस्थांना समजावून सांगावे. नियम डावलून विक्री होत असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयास कळवावे.